गळाचं शिसं घरात वितळवता? मग हा लेख तुमच्यासाठी



तुमच्या घरात कुणी गळाने मासे पकडतं का? आपल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात असे लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच आहेत. आठवडाभर शिफ्ट करून रविवारी पहाटे पवना धरणाच्या बॅकवॉटरला, भामा आसखेडला नाहीतर चासकमानला जाणारे. जोडून सुट्टी मिळाली की ताम्हिणी घाट उतरून रेवदंडा-मुरूड गाठणारे. गोड्या पाण्यात चिलापी, रोहू, मरळ. खाडीत आणि समुद्रात जिताडा, तांबोशी. मी स्वतः गळ टाकत नाही, मी फक्त खाणारा. पण गेल्या काही वर्षांत या छंदाची मला बरीच माहिती झाली, आणि ती एका लहान मुलीच्या रक्ताच्या रिपोर्टमुळे. तिच्या घरच्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ती गोष्ट आज सांगतो.

जिग म्हणजे काय? आणि ते घरी का करतात?

गळ खोल जावा म्हणून त्याला वजन लागतं. हे वजन पूर्वापार शिशाचंच असतं. पागाच्या, म्हणजे फेकजाळ्याच्या कडेला ओवलेले मणी शिशाचे, दोरीला बांधायचा गोळा शिशाचा. 'जिग' हा त्यातला नवा प्रकार. गळाच्या दांड्यावरच शिसं ओतून त्याला छोट्या माशाचा आकार देतात, वर चमकदार रंग लावतात, डोळे काढतात. पाण्यात झटके देत ओढलं की मोठ्या माशाला तो पळणारा मासाच वाटतो.

विकतचा चांगला जिग महाग पडतो आणि दगडात अडकून तुटला की गेलाच. म्हणून लोक घरी बनवतात. शिसं त्यासाठी फार सोयीचं आहे. ते पाण्याच्या ११ पटींहून जड, आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या गॅसवरही. आपल्या भागात कच्च्या मालाला तोटा नाही. चाकांचं बॅलन्सिंग करताना रिमला लावतात ती जुनी वजनं टायरच्या दुकानात मिळतात, भंगारात केबलचं आवरण मिळतं, जुन्या बॅटऱ्या मिळतात. आणि साचा बनवण्याचं कसब तर इथल्या कामगारांच्या हातातच आहे.

लोहाचं औषध घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन

ती मुलगी साडेतीन वर्षांची. आई आणि आजी तिला घेऊन आल्या. भूक नाही, अधूनमधून पोट दुखतं, शौचाला खडा होतो, चिडचिड वाढली आहे. हिमोग्लोबिन ८.४. जंताचं औषध देऊन झालं होतं, तीन महिने लोहाचं सिरप रोजच्या रोज दिलं होतं, तरी आकडा जागचा हलला नव्हता. थॅलेसेमियाची तपासणी नॉर्मल होती. रक्त पुन्हा तपासलं, तेव्हा पॅथॉलॉजिस्टने लिहिलं की काही लाल पेशींमध्ये निळसर ठिपके दिसत आहेत.

असे ठिपके इतर कारणांनीही दिसतात, पण शिशाची शंका घ्यायला ते पुरेसे असतात. मी विचारलं, "घरात कुणी बॅटरीचं, सोल्डरिंगचं, भंगाराचं, रंगाचं काम करतं का?"

आई म्हणाली, "नाही हो डॉक्टर. हे चाकणला कंपनीत आहेत, टूलरूममध्ये."

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "अगं, तो रविवारी गॅलरीत शिसं ओतत बसतो ते सांग की."

शिशाची तपासणी केली. दर डेसीलीटर रक्तात ३१ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा आकडा ५ किंवा जास्त असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधून ते बंद करायला हवं. अमेरिकेत त्याच वर्षी मुलांसाठी ही रेषा ३.५ वर आणली. आणि याखाली सगळं सुरक्षित आहे असंही कुणी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून वडील आले. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. ॲल्युमिनियमचा दोन फाळ्यांचा साचा, स्वतः मिलिंग करून बनवलेला. दोरीवर ओळीने वाळत घातलेले पिवळे, नारिंगी, चंदेरी मासे. टाचणीच्या डोक्याने काढलेले डोळे. काम खरोखर देखणं होतं. मित्रमंडळी त्यांच्याकडून मागून न्यायची. एका फोटोत मुलगी शेजारी बसून बाद झालेल्या तुकड्यांशी भातुकली खेळत होती.

मी समजावून सांगायला लागलो तसे ते गप्प झाले. मग म्हणाले, "डॉक्टर, कंपनीत भट्टीवरचा एक्झॉस्ट बंद असेल तर मी पोरांना तिथे उभं राहू देत नाही. घरी खिडकी उघडली की झालं, असंच वाटत होतं."

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या पट्ट्यातल्या हजारो घरांना ते लागू आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात ज्या रोगांची माहिती सरकारला कळवणं बंधनकारक केलं, त्या यादीत पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं होतं. कारखान्यात शिशासाठी धुराडं, मास्क, कपडे बदलण्याची जागा, रक्ततपासणी असे नियम असतात. तेच काम गॅलरीत आलं की नियम गेटवरच राहतात, आणि गॅलरीत तर लहान मूल असतं.

शिसं शरीरात जातं कुठून?

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. तयार जिग क्षणभर हातात धरल्याने विषबाधा होत नाही. धातूचं शिसं धडधाकट त्वचेतून फारसं आत जात नाही. जिगने पकडलेला मासा खाल्ल्यानेही होत नाही. धोका आहे तो धुराचा आणि त्याहून जास्त धुळीचा.

शिसं नुसतं वितळलेलं असतं तेव्हा धूर कमी असतो. ते जास्त तापलं, साधारण ५०० अंशांच्या पुढे गेलं, की धूर झपाट्याने वाढतो. भंगारातल्या चाकांच्या वजनांत काही तुकडे जस्ताचे असतात. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. सगळं एकत्र वितळवायचं म्हणून ज्योत मोठी केली जाते आणि शिसं गरजेपेक्षा जास्त तापतं.

वितळलेल्या शिशावर राखाडी साय येते. ती चमच्याने काढून बाजूला टाकतात. ती साय म्हणजे शिशाच्या ऑक्साइडची भुकटी. ती फरशीवर, कुंडीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. साच्यातून निघालेल्या जिगची कड कानशीने घासली की आणखी बारीक चुरा पडतो. मग झाडू मारला की तो सगळ्या घरात पसरतो. रांगणारं, फरशीवर खेळणारं, बोटं तोंडात घालणारं मूल तो गोळा करतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचं शरीर साधारण दहावा भाग शोषतं. लहान मुलाचं शरीर जवळपास निम्मं. पोट रिकामं असेल, शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त.

मोठ्यांच्या दोन सवयीही सांगतो. एक, बारीक छरा दोरीवर दाताने दाबून बसवणं. दुसरी, शिशाचं काम करता करता त्याच हातावर तंबाखू मळणं. दोन्हींमुळे शिसं थेट तोंडात जातं.

शरीरात गेल्यावर ते काय करतं?

शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि जिथे कॅल्शियम जातं तिथे त्याला जाऊ देतं. रक्तातलं शिसं निम्मं व्हायला साधारण एक महिना लागतो, पण हाडांत साठलेलं शिसं दशकानुदशकं राहतं आणि हळूहळू रक्तात झिरपत राहतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम बाळाकडे जातं, तेव्हा हे जुनं शिसंही सोबत जातं.

हिमोग्लोबिन बनवण्याच्या यंत्रणेत शिसं अडथळा आणतं, म्हणून लोहाचं औषध देऊनही ॲनिमिया हटत नाही. मोठ्यांमध्ये पोटात मुरडा, बद्धकोष्ठता, सांधेदुखी, वाढलेला रक्तदाब, किडनीचं नुकसान, वंध्यत्व, हातापायातली ताकद कमी होणं, असा त्रास होतो. मुलांमध्ये सगळ्यात जास्त फटका मेंदूला बसतो. शिकण्याची क्षमता, लक्ष, वागणं यांवर परिणाम होतो, आणि कमी पातळीवर बाहेरून काहीच लक्षण दिसत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी साधारण एकाच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं आहे. त्यातलं फार थोडं मासेमारीमुळे आहे हे उघड आहे. बॅटऱ्या, रंग, भेसळीची हळद, भांडी अशी कारणं मोठी आहेत. पण तुमच्या घरातल्या मुलाच्या दृष्टीने तुमची गॅलरी हेच सगळ्यात मोठं कारण असू शकतं.

रंग लावला की शिसं झाकलं जातं ना?

काही अंशी हो. रंगाच्या थरामुळे हाताला लागणारं शिसं कमी होतं. पण जिग दगडावर आपटतो, माशाचे दात लागतात, रंगाचे टवके उडतात. शिवाय रंगाचेही स्वतःचे प्रश्न आहेत.

आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो फक्त घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहे. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत, आणि आपल्या भागात वर्कशॉपमधला उरलेला डबा घरी आणणं सोपं असतं. झगझगीत पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग बऱ्याचदा शिशाच्या क्रोमेटपासून बनतात. गंजरोधक लाल प्रायमरमध्येही शिशाचा शेंदूर असू शकतो. म्हणजे शिशावर शिशाचाच थर.

पावडर कोटिंग करणारे जिग तापवून भुकटीत बुडवतात आणि मग साधारण १८० अंशांना भाजतात. त्यासाठी घरचा ओव्हन वापरू नका. ज्यात जिग भाजले त्यात पुन्हा केक नको, पाव नको, काहीच नको. जुने रंगवलेले जिग पुन्हा वितळवताना रंग जळतो, तो धूर सगळ्यात वाईट. थिनरचा वास बंद खोलीत घेऊ नका, आणि थिनरने हात धुऊ नका.

तपासणी आणि उपचार

घरात शिसं वितळवलं जात असेल आणि सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल, तर लक्षणांची वाट न बघता तपासणी करून घ्या. वितळवणाऱ्याने स्वतःचीही करावी. शिरेतून काढलेल्या रक्तातली 'ब्लड लेड लेव्हल' हीच भरवशाची तपासणी. मोठ्या लॅबमध्ये ती होते. केसांच्या तपासणीवर पैसे घालवू नका.

मुलांमध्ये आकडा ४५ किंवा जास्त असेल तर शिसं बाहेर काढणारी औषधं देतात, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. त्याखाली मुख्य उपचार एकच, शिसं येण्याची वाट बंद करणं. सोबत लोह, कॅल्शियम आणि वेळेवर पोटभर जेवण. 'डिटॉक्स'चे काढे आणि गोळ्या टाळा. काही भस्मांमध्ये मुळातच शिसं असतं, नागभस्म तर शिशाचंच.

आमच्या या मुलीच्या घरी त्याच आठवड्यात शिसं, साचा, चमचे सगळं घराबाहेर गेलं. गॅलरी आणि खोल्या झाडू न मारता ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसल्या. चार महिन्यांनी आकडा १७ झाला, दीड वर्षाने ८. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं, भूक लागायला लागली. आईच्या रक्तातही ९ निघालं होतं. दुसऱ्या बाळाचा विचार चालू होता, तो त्यांनी आकडा उतरेपर्यंत पुढे ढकलला.

मुलीच्या वडिलांनी मला दर भेटीत एकच प्रश्न विचारला, "तिच्या डोक्यावर परिणाम झाला असेल का?" याचं खरं उत्तर असं की, एका मुलाबाबत ते कुणालाच सांगता येत नाही. शिसं नसतं तर ती कशी असती, हे मोजायला आपल्याकडे काही नाही. चांगलं खाणं, खेळ, गोष्टी आणि घरातल्यांचा सहवास यांनी मेंदूची वाढ होते, ते भरपूर द्या, एवढंच मी सांगू शकलो. ती आता शाळेत जाते आणि भरपूर बडबड करते.

ही एका गॅलरीपुरती गोष्ट नाही

सेनेगलची राजधानी डकारजवळ थिआरोये-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथले लोहार वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं काढून मासेमारीच्या जाळ्यांची वजनं ओतायचे. मातीत शिसं साठत गेलं. पुढे शिशाला भाव आला, तेव्हा लोकांनी ती माती खणून, चाळून घरात आणली. २००७-०८ च्या काही महिन्यांत तिथे १८ लहान मुलं दगावली. तिथलं प्रमाण आपल्या गॅलरीपेक्षा कितीतरी मोठं होतं, पण धूळ घरात येण्याची वाट तीच. म्हणून बॅटरी तर कधीच फोडू नका. तिच्यात आम्लही असतं आणि शिशाची भुकटी तयारच असते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती दुकानदाराकडेच द्या.

मग छंद सोडायचा का?

अजिबात नाही. पहाटे पाण्याकाठी बसणं, मोबाइल बाजूला ठेवणं, चालणं, हे सगळं मी औषध म्हणून लिहून देईन. फक्त शिशाला पर्याय शोधा.

- तळाशी टाकायच्या वजनासाठी लोखंडी नट घ्या. आपल्या पट्ट्यात याहून स्वस्त वस्तू नाही. दगडात अडकून तुटला तरी हळहळ नाही.
- जिगसाठी स्टेनलेस स्टीलची सळई लेथवर आकार देऊन घ्या. ती शिशापेक्षा हलकी असते, म्हणून जिग थोडा लांब करावा लागतो.
- ओतकामच करायचं असेल तर कथील २३२ अंशांना आणि बिस्मथ २७१ अंशांना वितळतं. दोन्ही शिशाहून महाग, पण घरात मूल असेल तर हिशोब वेगळा करा.
- टंगस्टनचे जिग तयारच घ्यावे लागतात. ते घरी वितळत नाही.

इंग्लंडमध्ये गळाची बहुतेक लहान शिशाची वजनं विकायला १९८७ पासून बंदी आहे, कारण ती गिळून हंस मरत होते. तिथले लोक आजही मासे पकडतात.

तरीही शिसं वितळवणारच असाल तर

- घरात, गॅलरीत, जिन्यात, स्वयंपाकाच्या गॅसवर नको. वस्तीपासून दूर, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. मुलं आणि गरोदर बायका जवळपास नकोत.
- साचा आणि शिसं पूर्ण कोरडं हवं. पाण्याचा एक थेंबही क्षणात वाफ होऊन वितळलेलं शिसं उडवतो. प्लास्टरचा ओलसर साचा यासाठी बदनाम आहे.
- चष्मा, चामडी हातमोजे, बंद बूट, पूर्ण बाह्या. कापडी किंवा सर्जिकल मास्क चालत नाही. पी-१०० फिल्टरचा मास्क लागतो.
- ज्योत बारीक ठेवा. वरची साय झाकणाच्या डब्यात ठेवा, मातीत किंवा नदीत टाकू नका.
- काम संपेपर्यंत खाणं, बिडी, तंबाखू बंद. नंतर साबणाने हात-तोंड धुवा, कपडे तिथेच बदला, घरी येऊन अंघोळ करा, ते कपडे वेगळे धुवा.
- ते भांडं आणि पळी स्वयंपाकघरात परत कधीही आणू नका.

वितळलेलं शिसं अंगावर उडालं तर भाजलेला भाग २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. चिकटलेलं शिसं ओढून काढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. डोळ्यात उडालं तर न चोळता थेट रुग्णालय गाठा.

आणि शेवटी एक विनंती. मुलाला डॉक्टरांकडे नेता तेव्हा घरात कोण काय बनवतं, वितळवतं, घासतं, रंगवतं, तेही सांगा. जोडधंदा असो की छंद, डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. आजी जे बोलल्या त्यावरूनच आम्हाला दिशा मिळाली. तुमच्या ओळखीत कुणी रविवारी शिसं ओतत असेल, तर हा लेख त्याला वाचायला द्या.

काळजी घ्या.